पालखी नाचली त्या वाफ्यात

"काकी, फुलं कुठायत?" मंदाताईंनी विचारलं. मी वाफ्याकडे बघत राहिले. नुसता हिरवा पाला.

पोलादपूरहून आंबेनळीकडे जाताना त्यांचा होमस्टे लागतो. अक्षय तृतीयेला ओपनिंग होतं आणि अंगणात त्यांना ऑफिस टाइमच्या फुलांचा गालिचा हवा होता. हे झाड जमिनीलगत पसरतं. पानं बारीक, पण पाण्याने फुगलेली. फूल उमलतं ते ऊन चढल्यावर, माणसं कामाला लागतात त्या सुमाराला, म्हणून हे नाव. महाडच्या नर्सरीत मी वर्षानुवर्षं ते लावलं. तिथे पिशवीत कधी रुसलं नाही. इथे मात्र उंच वाढत होतं. पसरत नव्हतं, फुलत नव्हतं.

"अंगण भरलं नाही तर मी प्लास्टिकचं लॉन टाकणार," ताई म्हणाल्या. "मग माळीण ठेवून काय करू?"

म्हणजे माझं काम जाणार. मी शेणखत वाढवलं, दोन्ही वेळा पाणी दिलं. देठ बुडाशी कुजायला लागले. खत जास्त होतंय की कमी, पाणी जास्त की कमी, काही उमजेना. आधीच वाफा विरळ, म्हणून एक शेंडाही मी तोडला नव्हता.

अशात शिमगा आला. ताईंनी पहिल्यांदाच गावदेवीची पालखी घरी बोलावली. पालखी खांद्यावर घेऊन ढोलावर नाचवतात, आणि ती अंगणातच नाचते. मी वाफ्यापुढे उभी राहिले.

पुढच्या दांडीला माझा पुतण्या दत्तू होता. "काके, सर गो बाजूला. देवी काय तुझ्या झुडपावरनं उडून जाईल?"

"मागच्या दारी नाचवा की."

"मागच्या दारी कोंबड्या नाचतात."

सगळे हसले. ताईसुद्धा. मी सरले.

पालखी गेली तेव्हा वाफ्याचा चिखल झाला होता. तुटलेले देठ मातीत रुतले होते. मी पाण्याचा पाइप गुंडाळला आणि तिकडे फिरकले नाही. तुडीलच्या एका बागेत कामाचं विचारूनही आले.

थोड्या दिवसांनी ताईंनीच हाक मारली. "काकी, हे काय केलंत?"

मी काही केलंच नव्हतं. रुतलेल्या प्रत्येक तुकड्याने मूळ धरलं होतं. मोडलेल्या देठांना बाजूने दोन-दोन फांद्या फुटल्या होत्या. अक्षय तृतीयेपर्यंत अंगण गुलाबी-पिवळं झालं. प्लास्टिकचं लॉन आलं नाही, माझं काम राहिलं.

ताई म्हणतात, देवीची कृपा. दत्तू म्हणतो, "आमच्या पायांची." मला कधी वाटतं शेंडे मोडले म्हणून, कधी वाटतं पाणी तोडलं म्हणून. नक्की काय, ते अजून कळलेलं नाही.

आता मी शेंडे खुडते, पाणी हात राखून देते आणि शिमग्याला मुकाट बाजूला सरते. तिन्हीतलं एक बंद करून बघायची हिंमत नाही.