हरिश्चंद्र शोधलं की काशिनाथ

आधीच सांगते, इथले अमानवीय अनुभव वाचून टर उडवणाऱ्यांतली मी आहे. 'मांजर असेल', 'जरा कमी घेत जा'... असल्या कमेंट्स मीच टाकल्यात. तोंडाची फटकळ आहे, मुरुडमध्ये कोणालाही विचारा. तेव्हा आता माझी टर उडवलीत तरी तक्रार करणार नाही.

मुरुडला एसटी स्टँडवरून बाजारात शिरलं की माझं दुकान. डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन. एप्रिल-मे म्हणजे लग्नपत्रिका, मान वर करायला फुरसत नाही. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पत्रिका आम्ही कधी नव्याने टाइप करत नाही. त्याच घरातल्या आधीच्या लग्नाची फाइल उघडायची आणि फाइंड-चेंज मारत नावं बदलायची. तेच काका, तेच मामा, तीच कुलदेवता. मधल्या काळात कोणी गेलं असेल तर 'श्री.'चं 'कै.' करायचं आणि त्याच्या बायकोच्या नावापुढचं 'सौ.' काढून 'श्रीमती'. एवढंच काम.

आता हा फाइंड म्हणजे आमच्याकडे आनंदच आहे. जुने मराठी फॉन्ट... पडद्यावर दिसतं मराठी, पण आत कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. त्यामुळे नाकासमोर दिसणारा शब्दसुद्धा 'सापडत नाही' म्हणून सॉफ्टवेअर हात वर करतं. मग आपणच डोळे फोडत शोधायचं. हे रोजचंच आहे, त्यात अमानवीय काही नाही. माझ्याकडे भलतंच सापडायला लागलं, ते सांगायचंय.

कोळीवाड्यातली पारूवहिनी माझ्याकडे नेहमी यायची, आधार कार्डाच्या झेरॉक्सला नाहीतर नुसतीच बसायला. तिचा नवरा हरिश्चंद्र थोरल्या भावाबरोबर, काशिनाथबरोबर, मासेमारीला गेला तो परत आला नाही. लहान होडी, दोघंच होते. काशिनाथ एकटा परतला. म्हणाला, मी पुढं होतो, वळून बघितलं तर हरी न्हाय. प्रेत मिळालं नाही. पारूवहिनीने मंगळसूत्र काढलं नाही, कुंकू पुसलं नाही. कोणी समजवायला गेलं की विचारायची, "बुडताना बघितला का कोनी त्याला?" लोक मागे हसायचे. अशी वर्षं गेली आणि तिच्या दीपालीचं लग्न ठरलं.

मजकूर घेऊन काशिनाथ आला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, हरीच्या नावापुढं कै. टाका. मुलाकडचे विचारतात. पारूला मी सांगतो काय ते."

मला ते रुचलं नाही, पण घरातला कर्ता माणूस तो. त्याच्याच मुलाच्या लग्नाची जुनी फाइल उघडली. त्यात निमंत्रकांत पहिला श्री. काशिनाथ, त्याच्याखाली श्री. हरिश्चंद्र. फाइंडमध्ये 'हरिश्चंद्र' टाकलं, एंटर मारलं. सापडलेला शब्द दाखवणारा काळा पट्टा आला तो 'काशिनाथ'वर.

म्हटलं, उन्हाने डोकं फिरलंय माझं. परत मारलं. परत काशिनाथ. हरिश्चंद्र बरोबर खालच्या ओळीत, त्याला हातही नाही लावला. दोन्ही नावं खोडून नव्याने टाइप केली... तेच. नव्या पानावर नुसती ती दोन नावं घेतली... तेच. बाकी मामा, आत्या, झाडून सगळी नावं शोधली, बिनचूक सापडली. शेवटी फाइल अलिबागच्या माझ्या मैत्रिणीला पाठवली, ती डीटीपीच करते. म्हटलं, हरिश्चंद्र शोध आणि काय होतं ते सांग, बाकी काही बोलले नाही. तिचा फोन आला, "अगं, हे काशिनाथवर का थांबतंय?" तेव्हा मात्र मी ती फाइल बंद करून टाकली.

फाइंड नाही तर नाही. हाताने 'कै.' टाकून प्रूफ काढता आलं असतं. पण पारूवहिनीला न विचारता माझा हात धजेना. फोन करून दोघांनाही दुकानात बोलावलं.

भर दुपारी आले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. पारूवहिनी माझ्या शेजारी स्टुलावर बसली, काशिनाथ मागे उभा. वहिनी पडद्याकडे बघत म्हणाली, "बाय, श्री. ऱ्हाऊ दे. पोरीचा बाप हाय तो."

"पारू, किती दिस असं चालवायचं?" काशिनाथ म्हणाला. "लोक नावं ठेवतात. तो गेला."

"तुमी बघितला का?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "तुमचं भांडण राहू दे, आधी हे बघा. मी ह्यांच्या भावाचं नाव शोधते, तर ते ह्यांच्या नावावर जाऊन थांबतं." आणि एंटर मारलं. खरं तर थोडी गंमत म्हणूनच. वातावरण हलकं होईल असं वाटलं होतं मला, काय अक्कल म्हणायची!

काशिनाथ वाकून पडद्याकडे बघत राहिला. "परत करा," म्हणाला. केलं. "परत." पुन्हा त्याच्याच नावावर पट्टा. तो मागच्या झेरॉक्स कागदांच्या गठ्ठ्यावर बसला. चांगला धिप्पाड माणूस, पण बसला तो मटकन.

"इंजिनाच्या पंख्यात जाळं गुतलं व्हतं," तो म्हणाला. कोणाला सांगतोय तेच कळत नव्हतं. "हरी सुरी घेऊन पाण्यात उतरला, कापायला. वारा फिरला. होडी खडकाकडं चालली. मी हाका मारल्या. तो वर आला न्हाय... मी इंजिन चालू केलं."

"तो खाली असताना?" पारूवहिनीने विचारलं.

"व्हय."

पंखा चालू केल्यावर खालच्या माणसाचं काय होतं, हे ह्या किनाऱ्यावर पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. मला त्याचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी वाटलं, खडकावर होडी फुटली असती तर दोघंही गेले असते.

दिराला जन्मात कधी अरे-तुरे न केलेली पारूवहिनी म्हणाली, "रोज सांजेला धक्क्यावर जाऊन उभी ऱ्हायची मी. तू बघायचास. एक दिस तरी सांगायचं व्हतंस, घरी जा म्हणून."

काशिनाथ रडत होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. पदराचं टोक ओलं करून तिने कपाळ पुसलं, तिथेच, माझ्या काउंटरवरच्या पाण्याच्या बाटलीतल्या पाण्याने. मला म्हणाली, "कै. टाक, बाय. आन् माझ्या म्होरचं सौ. काढ."

मी टाइप केलं. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं मला. मग विचारलं, "ह्यांचं नाव... काढू का?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरीला दुसरा काका न्हाय. कन्यादान कोन करील?"

पत्रिका छापल्या, लग्न झालं. कन्यादान काशिनाथने आणि त्याच्या बायकोने केलं. गावात अजूनही कोणाला काही माहीत नाही. नावं, नाती, सगळं बदलून लिहिलंय, उगाच शोधायला जाऊ नका. कॉम्प्युटरवाल्याने फॉन्ट बदलून दिला, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, मला चार गोष्टी समजावल्या. त्यातल्या एकीनेही हे सुटत नाही. तुमच्यात कोणी जाणकार असेल तर सांगा, पण 'मांजर असेल' म्हणू नका.

लग्नात मी गेले होते. जेवणाच्या पंगतीत पारूवहिनी पांढऱ्या कपाळाने वाढत होती. माझ्या पानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "बाय, अजून त्याच्यावरच थांबतंय का गो? हरीचा जीव सुटला असंल ना?"

त्याच सकाळी निघायच्या आधी मी ती फाइल उघडून शोधलं होतं. पट्टा काशिनाथवरच आला होता.

"नाही वहिनी," मी म्हटलं, "आता बरोबर सापडतं."

ती बरं म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.