वेंडलला सांगायचा पत्ता

दर वर्षी ईस्टरच्या आदल्या शनिवारी व्हेल्माताई बादली आणि ब्रश घेऊन दफनभूमीत जायची आणि मेलेल्या नवऱ्याला आपला नवा पत्ता सांगून यायची.

हसू नका. आमच्या अमेरिकेतल्या सेलम गावच्या, मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत, जिला आम्ही देवाचं शेत म्हणतो, नवरा-बायको शेजारी झोपत नाहीत. बायका बायकांच्या चौकात, पुरुष पुरुषांच्या; लग्न न झालेल्यांचे चौक आणखी वेगळे. थडग्यांवरच्या शिळा सगळ्यांच्या सारख्या, आडव्या, मग तो गिरणीमालक असो नाहीतर झाडूवाला. जागा राखून ठेवायची सोय नाही. ज्याचा नंबर लागला त्याला रांगेतली पुढची जागा. देवापुढे सगळे सारखे, हे मला पटतं. बाकीचं कधी पटलं नाही. पण माझं लग्नच झालेलं नाही, त्यामुळे माझं मत कोणी विचारत नाही.

तिच्या नवऱ्याला, वेंडलला, जाऊन अठरा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. मोज्यांच्या गिरणीतून निवृत्त झालेली व्हेल्माताई माझ्या कुंपणापलीकडे एकटी राहायची. घरात कोणाचा तरी आवाज हवा म्हणून दिवसभर रेडिओ लावायची आणि हवामान सांगणाऱ्याशी भांडायची. "पाऊस म्हणे! तुझ्या डोक्यात पडलाय पाऊस!" ते ऐकत मी अंगणात उगाच रेंगाळायचो. माझ्या घरात तेवढंही बोलणं नव्हतं.

तिला एकच घोर होता. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील, तेव्हा वेंडल तिला शोधणार कसा?

"कपाटातले मोजे सापडायचे नाहीत रे त्याला, हार्लन. बायको मोज्यांच्या गिरणीत, आणि हा अनवाणी घरभर!"

म्हणून ती बायकांच्या रांगेतल्या पहिल्या मोकळ्या जागेपासून निघायची, देवदारांच्या रस्त्याने पावलं मोजत त्याच्या शिळेपाशी यायची, शिळा घासायची आणि तो आकडा त्याला सांगायची. वर्षभरात कोणी ना कोणी जायचंच. रांग पुढे सरकायची, पत्ता बदलायचा.

गेल्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. "तू मोज," म्हणाली. मी मोजून आलो, दोनशे चाळीस.

"तू उंटासारखा चालतोस. तो बुटका होता. पुन्हा जा."

कुरकुरत पुन्हा गेलो. परत येतो तर ही शिळा घासायला खाली बसलेली, आणि आता उठता येईना.

"बघ ना," ती म्हणाली, "हे सगळे उठणार म्हणून तुम्ही उद्या ईस्टरच्या पहाटे इथे बाजा वाजवणार, आणि मी जिवंत असून इथे अडकले."

मी हात देऊन उभी केली. तिने हात लगेच सोडला नाही. "मला फार भीती वाटते रे. तिथेही एकटीच बसून राहीन याची." मी बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाळक म्हणाले, "प्रभू उठला आहे!" आम्ही सगळे त्या शिळांमध्ये उभे राहून म्हणालो, "खरोखर उठला आहे!" सर्वांत मोठा आवाज तिचा होता.

जानेवारीत ती न्यूमोनियाने गेली. आता कुंपणापलीकडचा रेडिओ बंद असतो. एवढी शांतता मला सोसत नाही.

परवा शनिवारी सगळं गाव शिळा घासायला जमलं होतं. तिच्या कोऱ्या शिळेवर मी तिच्याच अंगणातली पिवळी फुलं ठेवली आणि तिथून निघालो, बुटक्या माणसाची पावलं टाकत.

"काय हो हार्लन, गुडघे गेले वाटतं?" कोणीतरी विचारलं.

"गेले," म्हटलं आणि थांबलो नाही. आकडा चुकला असता.

अविवाहित पुरुषांचा चौक वाटेतच लागतो. माझी जागा तिथे. तिथून कोणाकडे जायची पावलं मोजावीत, असं कोणी मला नाही. हे आधी कधी एवढं लागलं नव्हतं.

वेंडलची शिळा स्वच्छ घासली, पाणी ओतलं, आणि वाकून हळूच सांगितलं, "तीनशे सतरा, वेंडल. देवदारांच्या रस्त्याने सरळ. आता हा पत्ता बदलायचा नाही. आणि मोजे शोधत बसू नकोस, तसाच ये."