पाण्याला कळणारा चढ

तीन महिने मी हाफ मॅरेथॉनचा सराव फक्त उतारावर केला. हे मला शर्यतीच्या दिवशी सहाव्या किलोमीटरला कळलं. एका माणसानं ते मला आधीच स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. पण तो माणूस पाणी सोडण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला होता आणि माझ्या मनगटावर महागाचं घड्याळ होतं. मी घड्याळाचं ऐकलं.

माझी पद्धत सोयीची होती. सकाळी त्र्यंबककडं जाणारी बस धरायची, पंधराएक किलोमीटरवर उतरायचं आणि पळत सातपूरला घरी यायचं. म्हणजे आंघोळ करून ऑफिस गाठता येतं. घड्याळ रोज माझं अभिनंदन करायचं. ते अभिनंदन मी ऑफिसात सगळ्यांना दाखवायचो, न विचारणाऱ्यांनाही.

पाणीवाले काका रोज समोरून यायचे. मी खाली, ते वर. वय त्रेसष्ट, पायात कॅनव्हासचे बूट, ओठ सतत हलते. बत्तीस वर्षं त्यांनी पहाटे चारला लांब लोखंडी चावी घेऊन कॉलन्यांच्या पाइपलाइनचे वॉल उघडले होते. नोकरी संपली तरी डोळे चारलाच उघडायचे, म्हणून पळायला लागले. ओठ हलायचे ते मोजण्यासाठी. त्यांच्या भागातला मोठा वॉल बावीस फेऱ्यांत उघडायचा. काका बावीस पावलं मोजायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. घड्याळ त्यांच्याकडं नव्हतं.

नाशिक त्यांना पाण्याच्या दाबानं पाठ होतं. कोणी पत्ता विचारला तर सांगायचे, "त्या गल्लीत जा, जिथं शेवटच्या तीन घरांना पाणी चढत नाय."

एकदा त्यांनी मला थांबवलं. "साहेब, येताना पळता. जाताना कसे जाता?"

"बसनं."

"म्हणजे चढ बस चढते आणि उतार तुम्ही पळता."

"कसला चढ, काका? सपाट रस्ता आहे."

"डोळ्याला सपाट. पाण्याला इचारा."

मी पाण्याला विचारलं नाही.

रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पिताना एकदा त्यांनी विषय काढला. "साहेब, त्या मॅरेथॉनमध्ये शेवटी माईकवर नाव पुकारतात म्हणे?"

"पुकारतात की. तीन तासांच्या आत पोचलात तर. नंतर माईक बंद."

काकांनी बशीतला चहा संपवला. "बत्तीस वर्षं लोकांनी माझं नाव घेतलं ते पाणी आलं नाय तेव्हाच. आलं तेव्हा कोण घेतं? एकदा पोचल्यावर घ्यावं कोणी. पोरगा नामपूरला बोलावतोय, या हिवाळ्यानंतर जायचं हाय. तिथं कुठला माईक?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही फक्त माझ्यासोबत राहा. मी नेतो तुम्हाला वेळेत."

एवढ्या आत्मविश्वासानं मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

शर्यतीचा मार्ग तोच निघाला. शहरातून त्र्यंबक रोडनं वर जायचं, अर्ध्यावर वळायचं आणि परत. ढोल वाजले, झेंडा खाली आला आणि मी सुटलो. काका शेजारी बावीस मोजत होते.

"साहेब, हळू उघडा. एकदम उघडला की लाइन फुटते."

"काका, वेळ वाचवतोय!"

सहाव्या किलोमीटरला रस्ता तसाच सपाट दिसत होता आणि मला श्वास मिळत नव्हता. नवव्या किलोमीटरला लाइन फुटली. मी दुभाजकावर बसलो. काका उभे राहिले. माझं मन मोठं झालं. म्हणालो, "काका, तुम्ही पुढं व्हा. माझ्यासाठी थांबू नका."

हे वाक्य माणूस कशासाठी बोलतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. समोरच्यानं "असं कसं, एकत्रच जाऊ" म्हणायचं असतं.

काका म्हणाले, "बरं." आणि गेले. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

मी रखडत, मध्येच चालत वर गेलो. वळण यायच्या आधीच काका परतीच्या बाजूनं खाली येताना दिसले. चाल तीच, ओठ हलते. मला पाहून त्यांनी मोजणी मोडली. "चला साहेब, वळा लवकर! आता तुमचा विषय हाय!"

विषय माझाच होता, पण पाय माझे राहिले नव्हते. तरी उतारानं मला बरंच खाली आणून सोडलं. शेवटचं वळण दिसायला लागलं तेव्हा घड्याळात दोन तास सत्तावन्न मिनिटं झाली होती आणि कर्ण्यातून काकांचं नाव आलं: "पंढरीनाथ दगा अहिरे!" मग टाळ्या.

मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. लेस सुटलेली नव्हती.

मी पोचलो तेव्हा माईकवाला वायर गुंडाळत होता. काका गळ्यात पदक घालून माझ्यासाठी केळं धरून उभे होते. "दोनदा घेतलं साहेब नाव."

"दोनदा कसं?"

"मी परत गेलो त्याच्याकडं. म्हटलं, नीट ऐकू नाय आलं."

पंधरवड्यानं काका नामपूरला निघाले, तेव्हा मी निरोप द्यायला गेलो. टेम्पो भरला होता. मी त्यांना सांगितलं की आता मी पळत वर जातो आणि बसनं परत येतो. ऑफिसला रोज उशीर होतो. काकांनी मान डोलावली. "होईल सवय. ऑफिसला." मी उगाच टेम्पोची दोरी ओढून पाहिली, ती घट्टच होती.

काकू कप गोळा करायला बाहेर आल्या. माझ्याकडं बघत त्यांनी काकांना विचारलं, "हेच का ते, ज्यांना तुम्ही वाटेत बसवून आले?"

"हां, हेच साहेब."

काकूंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्याहून म्हातारे असतील."