डेंटिंग म्हणजे दात नव्हे

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे आवाज चढला तर कुणी दचकायला नको. महाराष्ट्राबाहेर, स्नेहलतागंजच्या आमच्या घरात सगळेच जोरात बोलतात आणि अर्धं हिंदीत बोलतात. त्यात काय एवढं!

कॉलेज राऊच्या बाजूला होतं. बी.कॉम.सोबत एक व्होकेशनल विषय घ्यावाच लागायचा. मी अ‍ॅनिमेशन घेतलं. मैत्रिणींनी तेच घेतलं होतं, आणि बाबांना कॉम्प्युटर हा शब्द फार प्रिय होता. जन्मभर रेल्वेत कारकुनी करून ते नुकतेच रिटायर झाले होते. "पोरगी कॉम्प्युटरवर बसते," असं शेजाऱ्यांना सांगताना त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

अ‍ॅनिमेशनच्या वर्गात पहिले कित्येक आठवडे आम्ही एक चेंडू उसळवत बसलो. खाली आला की चपटा, वर गेला की पुन्हा गोल. शिकवणारे सर महाराष्ट्रातून आलेले, मराठी अगदी इस्त्री केलेली. मी एकदा म्हटलं, "सर, माझा चेंडू तर टप्पे खाऊनच राहिला आहे, थांबून नाही राहिला." त्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. चेंडूमुळे की माझ्या मराठीमुळे, देव जाणे. माणूस चांगला होता, पण मला त्या चेंडूचा मनापासून कंटाळा आला होता.

आमच्या लॅबच्या खिडकीबाहेर एक पत्र्याची शेड होती. तिथे दुसरा व्होकेशनल विषय चालायचा. कागदावर त्याचं नाव ऑटो बॉडी रिपेअर, पण सगळं कॉलेज त्याला डेंटिंग-पेंटिंगच म्हणायचं. दिवसभर ठकठक. बाकीच्या मुली कानात इअरफोन घालायच्या आणि मी खिडकीत जाऊन उभी राहायची. एकदा सकाळी तिथे चुरगळलेलं एक बॉनेट आणून टाकलं होतं. दुपारी बघते तर ते सपाट! मी सरळ खाली गेले आणि त्याला हात लावून पाहिला. तिथेच फसले.

विषय बदलायचा म्हटल्यावर घरात रामायण झालं. "हातोडा? तू?" बाबा म्हणाले. मीही काही कमी बोलले नाही. शेवटी दोन दिवसांच्या अबोल्यानंतर त्यांनी निकाल दिला, "एक सेमिस्टर. तुझी हौस फिटू दे. मग मुकाट्याने परत कॉम्प्युटर." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बघू पुढचं पुढे.

आता खरी गंमत ऐका. त्याच आठवड्यात नाशिकच्या मावशीचा फोन आला. आई म्हणाली, "अगं, ती आता डेंटिंगला गेली." पलीकडून मावशी किंचाळली, "अगंबाई, दातांचं? मग लग्नाची काळजीच मिटली की!" आईने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "हो ना."

"आई!"

"अगं, तिचं नेटवर्कच खराब आहे. किती समजावून राहू?"

झालं. बघता बघता नाशिकपासून राऊपर्यंत सगळ्या नातेवाइकांत मी दातांची डॉक्टर होऊन बसले. बी.कॉम.ची मुलगी दाताची डॉक्टर कशी होईल, हा प्रश्न आमच्यात एकालाही पडला नाही. बाबांनाही कळलं होतं, पण तेही गप्प राहिले. त्यांचं ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला राऊहून काका-काकू आले. पुरण वाटून झालं, आणि काकूने मला हाताला धरून खिडकीपाशी नेलं. मला वाटलं, काहीतरी गुपित असेल. तिने उजेडाकडे तोंड केलं आणि आ वासला.

"खालची, उजवीकडची. गार पाणी लागलं की जीव जातो. बघ बरं."

मी बघत राहिले. काय बघणार, कपाळ? बैठकीतून काका ओरडले, "काय डॉक्टरीण बाई, उपटावी लागेल का?" सगळे हसले. मला असा संताप आला, की मी तिथूनच ओरडले, "काकू, मी दात नाही, गाड्या ठोकते! डेंटिंग म्हणजे पोचे काढणं! दरवाजे, बॉनेट, मडगार्ड!"

काकूचं तोंड उघडंच राहिलं. आई घाईघाईने कढीला फोडणी द्यायला गेली, जी आधीच दिलेली होती. "म्हणजे गॅरेजमध्ये?" काकूने हळूच विचारलं. बाबा पाटावरून न उठता म्हणाले, "बंदच होणार आहे ते. ह्या सेमिस्टरपुरतंच होतं." ते माझ्याकडे न बघता बोलले.

काका मात्र खुशीत आले होते. त्यांना दुसऱ्याची फजिती झाली की भूक लागते. मानपूरच्या एका ढाब्यावर गाडी मागे घेताना त्यांनी डावीकडचं मागचं दार खांबाला ठोकलं होतं आणि ही गोष्ट ते कुणालाच सांगत नव्हते. आता स्वतःच म्हणाले, "दाढ जाऊ दे. माझं दार नीट करून दाखव. दादा, तू पण जा हिच्यासोबत. माझ्या गाडीवर नजर ठेव."

असे बाबा आमच्या शेडमध्ये आले. चांगले प्रेसचे कपडे, खिशाला पेन, आणि बसायला टायर. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादजींना प्रेक्षक मिळाला की पाहायलाच नको. काळे केलेले केस, शेडच्या आतही गॉगल, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. बाबांना ते पहिल्या मिनिटापासून "भिया", म्हणजे भाऊ, म्हणायला लागले. बाबांना उभ्या आयुष्यात कुणी भिया म्हटलं नव्हतं. मी हसू दाबत दाराचं आतलं कव्हर उतरवायला घेतलं.

पोचा ताटाएवढा होता. नवशिका माणूस मधोमध हाणतो, आणि मग पत्रा ताणला जाऊन फुगतो आणि जागेवर बसतच नाही. चेंडूसारखा तो आपोआप पूर्वीचा होत नाही. म्हणून कडेकडेने यायचं. बाहेरून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, आतून हलके हलके हातोडी, आणि दर थोड्या वेळाने डोळे मिटून तळहात फिरवायचा. उंचवटा, खोलगट, सगळं हाताला कळतं. उस्तादजी मागून ओरडायचे, "धीरे, मैडम जी, किसी की दुश्मनी नहीं निकाल रहे!" मी म्हणायची, "आप चुप बैठो तो निकालूँ ना!" बाबा टायरवर बसून ऐकायचे. दुपारी डबा उघडला की माझ्या काळ्या हातांकडे बघून पोळीचा घास मोडून माझ्या तोंडात भरवायचे. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

रंग जुना असल्यामुळे तडकला. मग पुट्टी लावली, पाणी मारून मारून रेगमालने, म्हणजे पॉलिश पेपरने, घासली, पुन्हा लावली, प्रायमर मारला. कलर काही केल्या बाकीच्या गाडीशी जुळेना. एकदा तर पूर्ण दार पुन्हा घासावं लागलं आणि मी रागाने डबाच आपटला. बाबा उठून आले. मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी. त्यांनी डबा उचलून जागेवर ठेवला आणि परत टायरवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगताच पुन्हा आले, अंगात जुना शर्ट घालून.

शेवटी पॉलिश झालं. उस्तादजींनी गाडी उन्हात घेतली. बाबांनी चष्मा लावला, वाकले, एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग चष्मा काढून, डोळे मिटून दारावरून तळहात फिरवला, वरून खाली आणि परत वर, सावकाश.

"कुठे होता गं?"

मी दाखवायला पुढे झाले. बोट ठेवायला गेले आणि थबकले. मलाही सापडेना.

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग माझ्यावरच चिडल्यासारखे म्हणाले, "मग पुढच्या सेमिस्टरला त्या कॉम्प्युटरवर बसून काय करणार आहेस?"

मला रडूच फुटलं. भर उन्हात, सगळ्यांसमोर, दारावर डोकं टेकून मी हुंदके द्यायला लागले. आणि उस्तादजी गॉगल सावरत धावत आले, "अरे मैडम जी, उधर जाके रो! पॉलिश अभी किया है!"