टायफॉईडचा पत्ता

कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या इमारतीत टायफॉईड दर सप्टेंबरला यायचा, आणि शाळेच्या बसपेक्षा वक्तशीर यायचा. जूनमध्ये सगळी मराठी कुटुंबं पुण्याला जात. ऑगस्ट संपता संपता गोडा मसाला आणि कुरडया घेऊन परतत. मग आठ-पंधरा दिवसांत कुणाचं तरी मूल तापाने फणफणायचं. नोव्हेंबरात हवा गार झाली की ताप गायब. इतकं नियमित मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतही काही चालत नसावं, आणि तिथे तर आमच्या इमारतीतले निम्मे बाप इंजिनियर होते.

माझे बाबाही त्यांतलेच. फरक एवढाच, की ते दर वर्षी सुटकेसच्या तळाशी घालून पत्रकं आणायचे. पाणी उकळा, बुवाबाजी गाडा, प्रश्न विचारा. इतर मुली परीकथा वाचून मोठ्या झाल्या, मी जुलाबावरची पत्रकं वाचून. माझा स्वभाव त्यामुळेच असा झाला, असं आई म्हणते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी दहावीत होते. त्या सप्टेंबरात इमारतीतली तीन मुलं एकदम आजारी पडली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "इंडियाहून कधी आलात?" झालं! आमचे काका लोक भडकले. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये, पडदे ओढून, कारण जाहीर पूजेला तिथे बंदी, गणपतीच्या कमिटीची बैठक होती. तिथे भाषणं झाली. रोगाला काय पासपोर्ट असतो? हा सरळसरळ वंशभेद आहे! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. बाबांची पत्रकं अखेर कुणीतरी वाचली म्हणायची.

मग चहा आला, आणि चहाबरोबर रोगाला पत्ताही मिळाला. तळमजला, डावीकडचा फ्लॅट.

तिथे भाभी राहायची. मूळची रत्नागिरीची, कोकणी मुसलमान, नवरा एका दुकानात कामाला. निम्मी इमारत तिच्या हातच्या पोळ्या खायची. गणपतीच्या जेवणाच्या पोळ्याही तिच्याच असत, आणि गणपतीची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. ती स्वतः कित्येक वर्षांत गावी गेली नव्हती.

"मी कुणावर आरोप करत नाही," अध्यक्ष काका म्हणाले. आमच्याकडे आरोपाची सुरुवात अशीच होते. "पण आपण सगळे बाहेरचं खातो ते एकाच घरचं ना?"

"त्यांच्याकडे स्वच्छतेच्या कल्पना वेगळ्या असतात," एक काकू म्हणाल्या. त्यांच्याकडे म्हणजे तळमजल्यावर, असं आपण समजू.

त्या दुपारीच मी तिन्ही आजारी मुलांना भेटून आले होते. पुण्यात शेवटचं काय खाल्लं, असं विचारल्यावर तिघांनीही एकच उत्तर दिलं होतं, "पाणीपुरी, ऑफ कोर्स!" हा आमच्या लोकांचा विधीच. विमानाच्या आदल्या संध्याकाळी मुलांना गाडीवर न्यायचं आणि पोटभर पाणीपुरी घालायची, कारण मग वर्षभर मिळणार नाही. भर पावसाळ्यात, पिंपातल्या पाण्याची. वर्षभर बाटलीचं पाणी पिणाऱ्या पोटांत जंतू मुकाट्याने बसायचे, कुवेतला उतरायचे, पुस्तकांना कव्हरं घालून होईपर्यंत थांबायचे आणि मग ताप चढवायचे.

"काका, पाणीपुरी," मी उभी राहून म्हणाले.

"अगं, आम्ही लहानपणापासून खातोय!"

"तुमचं लहानपण तिथे गेलं. या मुलांचं..."

"हिला चहा द्या रे कुणीतरी."

भाभीला तपासणी करून घ्यायला सांगितलं. तिने स्वच्छ रिपोर्ट आणला. अध्यक्षांनी तो आदराने पाहिला आणि तिच्या तोंडावर म्हणाले, "रिपोर्ट चांगलाच आहे हो, पण उगाच रिस्क कशाला?" पोळ्या हॉटेलातून मागवायचं ठरलं. आईही कमिटीत होती. तिने मान डोलावली.

मी लिफ्टमध्ये चिकटवायला पत्रक लिहिलं. बाबांनी ते वाचलं, शुद्धलेखन सुधारलं आणि घडी घालून खिशात टाकलं. "या देशात भिंतीवर कागद लावलास की आपण सगळे कायमचे पुण्याला. मग खा रोज पाणीपुरी." प्रश्न विचारा, हे बहुधा व्हिसा न लागणाऱ्या माणसांसाठी छापलेलं होतं.

गणपतीच्या पंगतीत हॉटेलच्या पोळ्या आम्ही दोन्ही हातांनी ताणून खाल्ल्या. नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे ताप संपला. "बघितलंत?" अध्यक्ष म्हणाले. "पोळ्या बंद, टायफॉईड बंद!" थंडी पडल्याचं श्रेयही कमिटीलाच. घरोघरची गिऱ्हाइकं तुटली आणि उन्हाळ्याआधीच भाभी फरवानियाला, लहान जागेत राहायला गेली.

पुढच्या सप्टेंबरात टायफॉईड वेळेवर हजर. तळमजला तर रिकामा! कमिटी एका बैठकीपुरती गोंधळली. मग वफ्राच्या शेतांतली कोथिंबीर दोषी ठरली, कारण ती खुडणाऱ्या मजुरांपैकी कुणी बैठकीला नव्हतं.

या वेळी आजाऱ्यांत माझी धाकटी बहीण होती. तिला गाडीवर आईनेच नेलं होतं. बहीण उठून बसायला लागली तशी आईने पोळ्यांचा रिकामा डबा उचलला, मला बरोबर घेतलं आणि आम्ही बसने फरवानियाला गेलो.

भाभीने दार अर्धंच उघडलं. "या वैनी. कमिटीला विचारलाव काय?"

आई खाली बघत म्हणाली, "पोळ्या हव्या होत्या. पूर्वीसारख्या."

"घरात कोनाला ताप?"

"धाकटीला होता."

"मग रिपोर्ट आना सगल्यांचे. हितं माजी दुसरी गिऱ्हाइकं येतात. उगाच रिस्क कशाला?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्याच्या रांगेत उभे होतो. डॉक्टरने विचारलं, "इंडियाहून कधी आलात?" आईने तारीख सांगितली, आणि न विचारता पाणीपुरीही सांगितली.

रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा भाभीने ते एकेक करून, अगदी आदराने पाहिले. "रिपोर्ट चांगलेच आहेत," ती म्हणाली. आई पुढच्या वाक्याची वाट बघत तशीच उभी राहिली. ते काही आलं नाही. भाभीने परातीत पीठ घेतलं.