समुद्राच्या रंगाची बोट

पुण्याची एसटी बोईसरच्या स्टँडवरून सुटायची होती आणि सुटत नव्हती, कारण बाहेरच्या रस्त्यावर कंपन्यांच्या शिफ्टच्या बसेस आणि रिक्षा एकमेकींत अडकून बसल्या होत्या. निरोप तर कधीच घेऊन झाला होता. आईचे डोळे पुसून झाले होते, 'पोचलीस की फोन कर' तीनदा सांगून झालं होतं, आणि आता वीस मिनिटं आम्ही तिघं खिडकीच्या आतून-बाहेरून एकमेकांची तोंडं बघत होतो. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून बाबांनी कंडक्टरला सांगितलं, "पोरगी चित्रकला शिकायला चाललीय." कंडक्टर म्हणाला, "बरं." आई म्हणाली, "चित्रं काडायला पुन्याला कशाला जाया पायजे? नानाकाका हाय की घरात." मी रागाने खिडकीची काच ओढून घेतली. काच अर्ध्यातच अडकली, म्हणून तोही राग धड दाखवता आला नाही.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्राफिक डिझाइन म्हणजे चित्रकला नव्हे, हे मी घरी अजून समजावतेच आहे.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, हे दोघांनाही लिहितेय, कारण तुम्ही दोघंही भेटल्यावर एकच विचारता: शिकून काय आलं? आता कॉलेजनेही तेच विचारलंय. शेवटच्या वर्षाच्या सबमिशनसोबत एक कागद भरून द्यायचा आहे. तुमची कौशल्यं, तुमची बलस्थानं, तुमच्या उणिवा. प्रत्येकी अर्धं पान. तो भरल्याशिवाय पोर्टफोलिओ मांडायला भिंत मिळणार नाही. गेले आठ दिवस तो कागद माझ्यासमोर आहे आणि मी त्याच्यासमोर, आणि आमचं दोघांचंही डोकं फिरलंय.

गावाला विचाराल तर माझं कौशल्य एकच: फुकट बॅनर. तारापूरच्या अलीकडच्या आमच्या किनाऱ्यावर कुणाची हळद असो, बारसं असो की क्रिकेटचे सामने, संध्याकाळी मेसेज येतो, "ताई, सकाळी प्रिंटला द्यायचंय." सोबत सत्तावीस फोटो. त्यातले निम्मे कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापलेले, खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच. मग मानपानाप्रमाणे कुणाचं डोकं किती मोठं ते ठरतं. एकदा एका मामांचं डोकं भाच्यापेक्षा बोटभर लहान झालं, तर ते माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. भाचा मात्र अजून बोलतो, आणि नवीन बॅनर सांगतो.

हे मला झटपट जमतं, कारण बारावीनंतरची सुट्टी मी बोईसरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात काढली होती. कारखान्यांचे सूचनांचे बोर्ड, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती, खाणावळींचे दरफलक. गिऱ्हाईक माझ्या खुर्चीमागे उभं राहायचं आणि म्हणायचं, "मॅडम, और थोडा बडा करो. दूर से दिखना चाहिये." मी मोठं करायचे. "और थोडा." शेवटी 'खोली भाड्याने' या दोन शब्दांत बोर्ड संपायचा आणि फोन नंबर मावायचा नाही. तेव्हा हसायचे मी त्यांना.

पण अक्षराची गोडी लागली ती नानाकाकांमुळे, हे कबूल केलं पाहिजे. नानाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मासेमारी बंद असते त्या पावसाळ्याच्या दोन महिन्यांत बोटी ओढून वर घेतात, डागडुजी होते आणि हंगाम उघडायच्या आधी रंग लागतो. आमच्या बंदरावरच्या बहुतेक बोटींची नावं काकांच्या हातची. आधी खडूने अक्षर काढायचं, मग बोटीकडे पाठ करून चिखलातून लांब चालत जायचं, पार बांबूच्या वलांडींपर्यंत, जिथे बायका बोंबील सुकत घालतात. तिथून वळून बघायचं. परत यायचं, अक्षर जाड करायचं, पुन्हा जायचं. लहानपणी त्यांच्या मागे रंगाचा डबा घेऊन मी हेलपाटे घातलेत. एका नावाला दहा फेऱ्या. "काका, इथून चांगलं दिसतंय ना!" मी करवादायचे. ते म्हणायचे, "इतून कोन बगनार हाय?"

पुण्यात पहिल्याच वर्षी मॅडमनी माझं काम भिंतीवर लावलं, दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "हे ओरडतंय." सगळा वर्ग हसला. मग चार वर्षं मी न ओरडायला शिकले. मोकळी जागा सोडायला शिकले, पातळ फॉन्ट वापरायला शिकले, लाल-पिवळ्याची लाज बाळगायला शिकले. जेवणाच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाची तर त्याआधीच बाळगायला लागले होते. सुट्टीत घरी आले की बंदरावरच्या बोटी बघून माझं डोकं दुखायचं. एवढे रंग? प्रत्येक अक्षराला सावली, सावलीला पुन्हा किनार? मी हे आईला बोलूनही दाखवायचे. ती मासळी निवडता निवडता म्हणायची, "डोलं मिटून घे."

गेल्या वर्षी जुलैमध्ये बाबांचा फोन आला. काकांचा हात कापायला लागलाय, ब्रश धरवत नाही, तर आपल्या बोटीला, 'रत्नसागर'ला, यंदा तूच रंग लाव. "येवडी शिकतीस, बगू तरी." त्या 'बगू तरी'मध्ये काय काय होतं ते मला कळत होतं. माझ्या फीपायी बाबांनी नवं इंजिन लांबणीवर टाकलं होतं. भावकीत विचारणारे विचारत होतेच, की पोरीला बाहेर ठेवून काय मिळालं. मला एकदाचं दाखवून द्यायचं होतं, की हे बघा, हे मिळालं.

आठ दिवस कॉलेजला दांडी मारून गेले. डिझाइन लॅपटॉपवर आधीच तयार होतं, बोटीच्या फोटोवर बसवून सगळ्या बाजूंनी बघून झालं होतं. पूर्वीचा पिवळा रंग आणि लाल पट्टा गेला. त्याजागी निळसर राखाडी, आणि त्यावर बारीक, देखण्या पांढऱ्या अक्षरांत नाव, तेही एका कोपऱ्यात. पावसाच्या सरी आल्या की ताडपत्री, उघडलं की ब्रश. काका येऊन बसायचे, खिशातला खडू हातात फिरवायचे. एकदा म्हणाले, "जरा लांब जाऊन बगितलंस का?" मी म्हटलं, "काका, मी स्क्रीनवर बघितलंय." ते गप्प झाले. त्यांचं गप्प होणं मला तेव्हा हार मानल्यासारखं वाटलं, याची आज इतकी चीड येते की सांगता येत नाही.

बाबा मात्र बोटीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "सायबाच्या बोटीवानी झाली."

पुण्याला परतले, फोटो दाखवले. मॅडमनी पूर्ण वर्गाला बोलावलं. "काय संयम आहे," म्हणाल्या, आणि हे पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर घे म्हणाल्या. मी दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी आईचा फोन. आवाज नेहमीसारखाच, वर ना खाली.

"अगो, तुजी बोट दिसलीच नाय गं."

ज्यांना आमचा किनारा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बोट अजून लांब असतानाच बायका ती रंगावरून ओळखतात. ओळखली की बर्फ फोडायचा, पाट्या पुढे घ्यायच्या, व्यापाऱ्याला थांबवून धरायचं. उशीर झाला तर मासळी थांबत नाही आणि व्यापाऱ्याचा टेम्पोही थांबत नाही. ऑगस्टचा समुद्र राखाडी, वरचं आभाळ राखाडी आणि मधे आमची राखाडी बोट. आई डोळ्यांवर हात धरून बसून राहिली आणि आमची बोट तिच्यासमोरून किनाऱ्याला लागली, दुसऱ्या गावची म्हणून. बाबांनी हाक मारेपर्यंत टेम्पो निघून गेले होते. हंगामातली पहिली मासळी.

समुद्राच्या रंगाची बोट समुद्रात सोडणारी मुलगी! हे डोकं चालवायला चार वर्षं शिकावं लागतं. ज्याने कधी बंदर पाहिलं नाही, त्याच्याकडून अशी चूक झाली असती तर एक वेळ समजलं असतं. मी तर त्या चिखलात वाढले.

दुसऱ्या दिवशी आईने तिची राणी रंगाची साडी काढली, लग्नाकार्याला नेसायची ती, जिला मी कायम नाकं मुरडत आले. ती बांबूला बांधून बोटीवर उभी केली. पुढचे सगळे महिने 'रत्नसागर' त्या साडीखाली समुद्रात गेली. सगळं बंदर तिला 'साडीवाली' म्हणायला लागलं. मी केलेल्या चुकीवर आईने एका साडीत उपाय काढला, ना फॉन्ट, ना लेयर, ना मॉकअप.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मला वाटलं, ओरडतील. कुणीच काही बोललं नाही. फराळ दिला. मी खजील होऊन फराळ खाल्ला. तिसऱ्या दिवशी काकांच्या तोंडून निघून गेलं. त्या पहिल्याच फेरीत, धुवाधार पावसात, एक मोठा ट्रॉलर बाबांच्या बोटीवर सरळ चालून आला होता. त्यालाही बोट दिसली नव्हती. बाबा आणि दोन्ही खलाशी ओरडत होते, भांडी वाजवत होते, आणि अगदी अंगावर आल्यावर तो वळला. साडी बांधली ती या कारणाने. आईने मला फोनवर फक्त मासळीचं सांगितलं होतं.

मी सुन्न झाले आणि मग मला प्रचंड राग आला. स्वतःचा आलाच, पण बाबांचाही. एवढं होऊन हा माणूस मला एक शब्द बोलत नाही? माझ्या कामामुळे तो मेला असता आणि मला ते फराळाच्या ताटावर बसून काकांकडून कळतं? ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना विचारायचं म्हणून मी बंदरावर गेलेही. ते जाळं सांधत बसले होते. विचारवलं नाही. पुण्याला निघून आले.

तर, उणिवा. अर्धं पान. मी त्यात हे सगळं लिहिलं: मला जवळून दिसतं, लांबून दिसत नाही. माझं काम ज्याने बघायचं तो कुठे उभा आहे हे मी विचारत नाही. मला शहाण्या माणसाचं गप्प राहणं कळत नाही. आणि बोट पोर्टफोलिओतून काढून टाकली. मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "इतकं खाजगी नको. 'वेळेचं नियोजन' वगैरे लिही. आणि ती बोट का काढलीस? तेच तुझं सर्वांत चांगलं काम आहे." मी त्यांना ट्रॉलरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण दिसायला सुंदरच आहे." कागद मी बदलला नाही. भिंत देतील तर देतील.

काल दुपारी बाबांचा फोन आला.

"बोट वर घेतली. रंग लावाया कदी येतीस?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "मी नाही लावणार. काकांना सांगा."

"काकाचा हात कापतो," बाबा म्हणाले. "तुजा नुस्ता चुकलाय."

मग मात्र दिवाळीपासून आत दाबलेलं सगळं बाहेर आलं. हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून मी त्यांच्यावर ओरडले. तुम्ही मला सांगितलं का नाही, तुमचा जीव गेला असता, मला काय लहान समजता का, सगळं. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली वळून बघत होत्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तवाच सांगितलं आसतं," ते म्हणाले, "तर तू परत बुरूश धरला आसतास?"

मी नसता धरला. हे त्यांना माहीत होतं आणि मला तिथे जिन्यात कळलं. पुण्यात चार वर्षं मी काय येतं आणि काय येत नाही याचीच उत्तरं देत आले, आणि प्रत्येक उत्तराची कुठेतरी नोंद झाली. घर आता माझ्यासाठी एवढंच उरलंय, आणि ते पुष्कळ आहे: माझ्यामुळे ज्यांच्या जिवावर बेतलं होतं, तीच माणसं तीच बोट पुन्हा माझ्या हाती देतायत. मी रडले, जिन्यातच रडले, आणि नाक ओढत, अजून चिडलेल्याच आवाजात विचारलं, कुठला रंग आणलाय?

"आनला नाय अजून. तू सांगशील तो."

"मी नाय सांगनार," मी म्हटलं. "आईला फोन द्या. लांबून तिला बगायचं हाय."