उंबरठ्यावरचे सर

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर इतरांचे लिहिलेले शिकवले. साठी उलटल्यावर स्वतः लेखणी उचलण्याच्या या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. सरांवर लिहिण्याचा अधिकार माझ्याहून हुशार विद्यार्थ्यांचा होता, हेही मी जाणून आहे. परंतु त्या दुपारी त्यांच्यासोबत मी एकटीच होते.

सर वर्गात कधी सरळ शिरले नाहीत. दार पूर्ण उघडायचे, बाजूला सरून उंबरठ्यावर उभे राहायचे, आणि बऱ्याच वेळाने आत यायचे. वसमतच्या आमच्या कॉलेजात हेच, कुरुंद्याच्या स्वतःच्या घरीही हेच. “खोलीला श्वास घेऊ द्यावा,” एवढेच म्हणत. का, असे विचारले तर खरोखर गोंधळून जात. मागच्या बाकावरचा दत्ता कुजबुजायचा, “आतल्या भुताला भाईर निघायला टाइम देऊन राहिले.” आम्ही हसायचो. पण त्या वेळी सर आमच्याकडे पाहत नसत. आमच्या पायांखाली काही असावे, तसे जमिनीकडे पाहत.

ग्रीक शोकात्मिका हा त्यांचा जीव की प्राण. सांगत, “दुष्ट माणूस बुडाला तर आपल्याला हायसे वाटते. शोकनायक दुष्ट नसतो. तो आपल्याच एखाद्या चांगल्या गुणाचा हात धरून खड्ड्याकडे चालत जातो.”

“मग त्याला कोनी सांगत काहून न्हाई, सर?” दत्ताने एकदा विचारले.

“सांगतात ना. तो ऐकतोही. फक्त थांबत नाही.” मग जरा वेळाने, “आणि शेवटी ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणायचा त्याला पुरेपूर हक्क असतो. तो म्हणत नाही. तिथे तो मोठा होतो.”

त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही एक प्रश्न होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. सर लहान असताना त्यांचे वडील ज्वारी काढायला अंगणातल्या पेवात उतरले आणि वर आले नाहीत. जमिनीखालच्या त्या कोठारात हवा कोंडून विषारी होते. म्हणून झाकण काढून ते दिवसभर उघडे ठेवायचे, नंतर कंदील सोडून तो विझत नाही ना ते पाहायचे, अशी रीत. त्या दिवशी शेतात काकांनी वडिलांना सांगितले, “सकाळीच उघडलंय,” म्हणून कंदील कोणी सोडला नाही. काका खोटे बोलले, असे सरांनी धरले. ते काकांशी जन्मभर बोलले नाहीत. काका वारले तेव्हा गावात असूनही खांदा द्यायला गेले नाहीत. तरी एखादा पुरावा त्यांना हवाच होता.

निवृत्तीनंतर ते मला घेऊन हमीदचाचांकडे गेले. चाचा त्यांचे जुने शेजारी, कापूस पिंजणारे. आता खाटेवरून उठत नव्हते.

“पेव खरंच सकाळी उघडलं होतं का, चाचा?”

“काहून खोदून राहिला, बाबू? तुजा काका गेला, मी बी चाललोच. राहू दे.”

“मला कळलं पाहिजे.”

सर, चला, असे म्हणावेसे मला वाटले. पण मी खाटेजवळच उभी राहिले. चाचांनी छताकडे पाहत सांगायला सुरुवात केली.

“काकानं झाकण पहाटंच काढलं, अन् शेतात गेला. तू तितंच खेळत व्हता. शेळीचं करडू आत पडंल म्हनून तू फळी परत सरकवली, अन् तिच्यावर राखणीला बसला. बाप येताना दिसला, तवा बाजूला केली. मी समोर पिंजत व्हतो. पोरगं शाणं हाय, असंच वाटलं मला.”

भिंतीला टेकवलेल्या पिंजणाची तार, कुणी हात न लावता, बारीक थरथरल्यासारखी मला ऐकू आली. भास असेल.

“काकांना ठाऊक होतं?” सरांनी विचारले.

“म्याच सांगितलं. तो बोलला, लेकराला कुनी सांगू नका. ठपका माझ्याच नावावर राहू द्या.” चाचांनी सरांचा हात चाचपडत धरला. “तू लेकरू व्हतास, बाबू. तुजी काय गलती?”

सरांनी हळूच हात सोडवून घेतला, चाचांच्या पायांवरची गोधडी सारखी केली आणि उठले.

आम्ही चालत सरांच्या घरी आलो. सरांनी कुलूप काढले, दार ढकलले आणि सरळ आत गेले. क्षणभरही थांबले नाहीत. मी ओट्यावरच उभी राहिले. दार सताड उघडे होते, भर दुपारचे ऊन आत पडले होते, आणि तरी मला आत पाऊल टाकवेना.

त्यानंतर ते कोणत्याच उंबरठ्यावर थांबले नाहीत. थंडी सुरू होताना ते गेले.

आता घराचे कुलूप उघडले की माझे पाय आपोआप अडखळतात. आतली हवा बाहेर येईतो मी उभी राहते, आणि एकच प्रश्न मनात येतो. तो तुम्हालाच विचारते: चाचांच्या जागी तुम्ही असता, तर सांगितले असते का?